वाघाचा खेळ

ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर
दिवसभर दाखले काढून दमतो,
पाचनंतर तो माझा.
ऑपरेटर शहारेभाऊ एवढंच म्हणतात,
"कुलूप लावून जाय, अन् प्रिंटरले हात लावू नको."

पहिला खेळ अगदी साधा होता.
मी एक आकडा मनात धरला आहे,
एक ते शंभर. ओळख.
टिकेशने सातव्या खेपेला सत्तावन ओळखलं, बरोबर होतं,
पण थांबायचं कधी हे मी खेळाला सांगितलंच नव्हतं.
ओळख. ओळख. ओळख.
एकच ओळ पडद्यावरून धो धो खाली,
शेवटी आम्ही पिन उपसली
आणि अंधारात बराच वेळ हसलो.

मग जंगल लिहायला घेतलं.
चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं:
तू बोडीच्या पाळीवर उभा आहेस.
उत्तरेला मोहाची झाडं. पूर्वेला नहर.
कुठे जाशील?

लिहायला बसलो तेव्हा कळलं,
रोजची वाट मला येत नाही.
जाताना डाव्या हाताला असलेला नाला
परतताना कुठे जातो?
माझ्या खेळात नहरावर जायला निघालेला माणूस
पाळीवरून हलेचना.
दोन संध्याकाळी गेल्या.
पूर्वेतला पू मी एका ठिकाणी ऱ्हस्व लिहिला होता.
शुद्धलेखनावरून चौथीत मार खाल्लेला मी,
हा मास्तर तर हातही उगारत नाही,
नुसता पुढे जाऊ देत नाही.

तेंदूच्या हंगामात आई फळीवरून परस्पर तिथे आली,
बोटं काळी,
ओठांवर अजून मोजणी चाललेली,
सत्तर पानं, एक पुडा, सत्तर पानं.
तिला खुर्चीवर बसवलं.
तिने एकेक अक्षर लावत वाचलं:
समोर वाघ आहे. पळशील की झाडावर चढशील?
"तिसरं काई नाई?"
"नाही."
"वाघासमोर कोनी पळते का रे?"
आणि एका बोटाने, शोधत शोधत,
तिने लिहिलं: उभी.

हे मला समजलं नाही, पडद्याने उत्तर दिलं.

आई हसली.
"तुह्या वाघाले नाई समजत. आमच्या वाघाले समजते."
"मग काय होते?"
"मंग तो जाते."
पदराला बोटं पुसत उठली.
"नाई त नाई जात."

त्या रात्री तिसरी फांदी जोडली.
उभी राहिलीस, तर
वाघ मनात एक आकडा धरील, एक ते शंभर.
कितीच्या आत आला की तो जातो,
ते आईला विचारायचं होतं.
ती पुन्हा सत्तरावर होती, मी गप्प बसलो.
जागा रिकामी ठेवली.

सकाळी शहारेभाऊंचा फोन.
"जन्माच्या दाखल्यांच्या फोल्डरात
हा वाघ कोनाचा बे?"