परतीचा रकाना

सातपूरच्या जुन्या रेशन दुकानात
आता गव्हाऐवजी पाने, पकडी, रंधे.
वहीत मी लिहिते: नाव, वस्तू, कधी नेली.
'कधी आणली' हा रकाना
जरा अरुंदच आखला गेलाय.

रविवारी निकुंभ फिटर शिकवतात
नळाचा वायसर बदलायला.
"जोर नको, कान दे," म्हणतात,
आणि आटा बसला की
खरंच एक बारीक 'हं' ऐकू येतो.

तांबट आळीतून आलेली हातोडी
कुणी नेत नाही.
दांडा एकाच मुठीत झिजलेला,
दुसऱ्याच्या बोटांना खळगे चुकतात.
परवा अफरोजानं उचलली, डाव्या हातानं.
"बसते की," म्हणाली.
म्हणजे देणारा डावखुरा होता तर.
सहा महिने झाले,
आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

ड्रिल मात्र अजून कामटवाड्यातच.
तिसरा आठवडा.
फोन केला तर मागे भिंत घरघरत होती,
"ताई, शेजारणीचंही एक फडताळ राहिलंय,
ते झालं की आणतोच."

तारखा मी पेन्सिलीनंच लिहिते.
खोडरबर कुणी नेलं
त्याची नोंद नाही.