खालच्या आवाजाला शब्द नसतात

आमच्या गावात गाणं तिघांचं असतं.
वरचा आवाज पहाटेच्या कोंबड्यासारखा, तो माझा.
मधल्याला आम्ही 'सांगणारा' म्हणतो,
शब्द त्याच्याच ताब्यात म्हणून.
आणि खालचा नुसता 'ओऽऽ',
ओल्या मातीसारखा. बाकीचे दोघं त्याच्यावर उभे.

चहाच्या मळ्याखालच्या चर्चला
माझ्या जन्माआधीच कुलूप लागलं होतं.
घंटा उतरवून नेली, संतांच्या डोळ्यांवर चुना फासला
आणि आत चहाची खोकी रचली, थेट छतापर्यंत.
अजूनही ओलसर दिवशी कितीही धूप जाळा,
नाकात आधी चहाच येतो.

स्तोत्र मात्र कुलपात मावलं नाही.
वार्लाम मास्तरांनी म्हणे एका रात्रीत
त्याचे शब्द बदलून टाकले:
'प्रभू' होता तिथे 'मायभूमी',
'दया कर' होतं तिथे 'ट्रॅक्टर',
मात्रा मोजून,
कवळीत दात बसवावा तसे.
चाल तीच. श्वास घ्यायच्या जागाही त्याच.
मग दर मे महिन्यात लाल पडद्यापुढे
सगळं गाव उभं राहून ते गायचं
आणि जिल्ह्याहून आलेला साहेब
टोपी हातात घेऊन डोळे टिपायचा.
त्याची आई कुठल्या गावची
ते आम्ही कधी विचारलं नाही.

मधला आवाज पेलागियाचा.
चहा खुडून बोटं काळी पडलेली,
पण सूर असा की ओढ्याचं पाणीसुद्धा सरळ व्हावं.
त्रेपन्न वर्षं तिने तो ट्रॅक्टर चालवला,
त्याच वळणावर, एकदाही न अडखळता.

खाली स्पिरिदोन, सुतार.
एकदा मी त्याला विचारलं,
काका, तुम्हाला खोटं नाही वाटायचं ते गाताना?
रंधा थांबवून, भुसा फुंकून तो म्हणाला,
"मला कुठे शब्द होते?
मी आपला जुनंच गात होतो."

मग एका वर्षी कुलूप निघालं.
बायकांनी पावाच्या मऊ गाभ्याने भिंती पुसल्या.
एवढं करून हाती काय लागलं,
एका संताचा एक डोळा.
तिबिलिसीहून बेसारिओन नावाचा तरुण पाद्री आला,
मिशी नुकतीच फुटलेली, काखेत छापील वही,
वहीत खरे शब्द.

ईस्टरची रात्र. मेणबत्त्या. सगळं गाव दाटीवाटीने.
पेलागियाने वही डोळ्यांपासून लांब धरली
आणि सुरुवात केली, छान, अगदी वहीबरहुकूम,
ते वळण येईपर्यंत.

घसा वहीचं ऐकेना.
भर चर्चमध्ये, तारणहाराच्या समोर,
खणखणीत: 'ट्रॅक्टर'.

मेण ठिबकल्याचा आवाज आला.
पाद्र्याचे कान लाल.
पेलागिया वहीमागे गेली, ती दिसेचना.
फक्त खालचा 'ओऽऽ' चालू होता,
पण थरथरत.
मला वाटलं म्हातारा रडतोय.
पाहिलं तर स्पिरिदोन हसत होता,
खांदे गदगदत, डोळ्यांतून पाणी,
आणि सूर तसूभरही हललेला नाही.
आता खाली जमीन आहे म्हटल्यावर
मी वरून आरवलो.

तिने ओळ पुन्हा धरली.
ते वळण आलं.
तिथे तिने ना हा शब्द घेतला, ना तो.
ओठ मिटले
आणि नाकातून, छातीतून, कुठून कोण जाणे,
तेवढा तुकडा गुणगुणून पार केला.

आता ती नाही. स्पिरिदोनही नाही.
त्याचा नातू पोलंडमध्ये मालाचे ट्रक चालवतो,
जानेवारीत येतो तेवढा एक महिना
आमच्या गाण्याला तळ असतो.
मी शाळेची बस चालवतो,
वरचा सूर उताराला लावून बघतो, अजून लागतो.
आणि त्या वळणावर आम्ही अजूनही
तोंड मिटून गातो. कुणी ठरवलेलं नाही.

परवा कुठलीशी परदेशी मंडळी आली होती,
यंत्रं लावून, डोळे मिटून ऐकलं त्यांनी.
मग हळूच विचारलं,
ही मिटल्या ओठांची रीत किती प्राचीन?

मी म्हटलं, ट्रॅक्टरइतकी.
त्यांनी ते लिहून घेतलं.