आतली की बाहेरची

मुनीरनं काउंटरवर दोन्ही ठेवल्या.
एक उघडीवागडी, हिरव्या पाठीची,
दुसरी काळ्या डबीत, वीतभर वायरची.

"आतली घ्या उस्ताद. सस्ती पडती,
जोरात पळती, कुणी उचलून न्यायची भीती नाही.
बाहेरची एकदा हातातून सुटली
की समजा दोनशे लग्नं फरशीवर."
मी विचारलं, "आणि आतली गेली तर?"
"ती बी जाती. पण घरातच जाती."

वसमत रोडची लाईट गेलेली. यूपीएस कुंईकुंई करायला.
पत्रिकेच्या पाकिटामागं मी हिशेब मांडला:
एका लग्नाचे साठ जीबी, ड्रोन असला तर नव्वद,
अॅडव्हान्स आला तेवढा, बाकी ती बाकीच.
दर दिवाळीनंतर मी जुनी लग्नं उडवतो.
आधी नावं वाचतो. मग शिफ्ट आणि डिलीट.
लोकांना वाटतं,
परभणीत आपलं लग्न जपून ठेवलेलं आहे.

"आतली बसव," म्हणालो.

कॅबिनेट उघडलं. धूळ, झुरळाचं एक पंख,
कुणाच्या तरी हळदीतला तांदळाचा दाणा
(हा आत कसा गेला, देव जाणे).
बोर्डावर जागा दोनच.
एकीवर जुनी डिस्क, दुसरीवर डीव्हीडी रायटर.
"हा काढू? आता कोण बघतंय सीडी?"
"काढ."
ट्रे अडकलेला. मुनीरनं सेफ्टी पिन घातली,
जीभ बाहेर आली,
जिभेवर माझ्याच अक्षरात, निळ्या मार्करनं:
खिल्लारे–हनवते, मंगल परिणय, भाग २.

चार वर्षांपूर्वी ज्ञानोबा खिल्लारे
तीनदा आले होते मानवतहून.
"भाग दोन नाही कव्हरात. पंगत होती त्यात."
दिलाय म्हणालो. तिसऱ्यांदा तर
लेकराची शपथ घेऊन म्हणालो.
फोल्डर उडवलेलं होतं, शपथ स्वस्त होती.
पंगतीसाठी कुणी एवढं भांडतं का,
असं मी चहावाल्याला हसत सांगितलंही होतं.

"परत लाव," मी म्हणालो.
"काय?"
"रायटर. परत लाव."
"मग आतली कुठं बसवू, माझ्या डोक्यात?"
"बाहेरची दे."

ओरखडे होते. रात्रभर रायटर घरघरला,
एकदा अठ्ठ्याऐंशीवर थांबला तो थांबलाच.
पहाटे कधीतरी पुढं सरकला.

सकाळच्या पाथरी गाडीत
डबी रुमालात, रुमाल डब्याच्या पिशवीत,
पिशवी मांडीवर. शेजारचा म्हणाला,
"अंडी नेतावत काय?"

ज्ञानोबांनी ओळखलं. या म्हणाले नाहीत,
पण दारातून बाजूला झाले.
डीव्हीडीचं मशीन भंगारात गेलेलं,
टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला,
त्याचं भोक बाजूला, माझी वायर वीतभर.
खाली सोडावी तर लोंबकळणार. ठेवावी तर कुठं?
तेव्हा मीच उभा राहिलो,
हात वर करून, तळहातावर डबी.

वंदना झाली. आहेर झाले.
मग पंगत: पत्रावळ्या, उडणारी धूळ,
माझाच हललेला कॅमेरा,
आणि बुंदीची बादली घेऊन एक माणूस,
पांढरा शर्ट, बाह्या वर दुमडलेल्या,
एकदा गेला, परत आला, कुणाला तरी आग्रह करत वाकला.
आतून ज्ञानोबांची बायको आली, ओले हात तसेच.
"भावजी," म्हणाली. तेवढंच.

ज्ञानोबांनी रिमोट दाबला.
पळी आणि पत्रावळीच्या मध्ये
बुंदी थांबली.

कुणी काही बोलेना.
"दिला नव्हता," मी म्हणालो.
"म्हाईत होतं," ते म्हणाले, टीव्हीकडंच बघत.

माझ्या तळहातावर डबी कोमट होत गेली,
आत काहीतरी बारीक फिरत होतं.
हात भरून आला होता.
खाली घेता येत नव्हता.