गोडं पाणी

सोहारच्या बंदरात रात्रपाळीला
मी समुद्राचं पाणी गोडं करतो.
म्हणजे मी काही करत नाही, पंप करतात.
साठ बारचा दाब, पांढऱ्या नळकांड्यांच्या रांगा,
मीठ अलीकडं राहतं, पाणी पलीकडं जातं.
मी दर तासाला आकडे लिहितो.
अकरा वर्षं लिहितोय.

पहिलं वर्ष बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचं होतं.
दुसरं राहुरीच्या दोन खोल्यांचं.
मग खोल्यांवर मजला, मजल्यावर गच्ची, गच्चीवर टाकी,
मग मनमाड रोडला एक गुंठा,
मग त्याच्या शेजारचा,
कारण शेजारी दुसरं कुणी आलं तर?
सुवार्ता फोनवर फरशीचे रंग दाखवते.
मी म्हणतो, हा शेवटचा करार.
ती हसते. हे वाक्य तिला पाठ आहे,
रोजच्या प्रार्थनेसारखं, अर्थ न लावता.

फाटकावरचा खमीस सत्तरीचा.
त्याच्या बापाची खजुराची बाग रस्त्यापलीकडं
अजून उभी आहे. म्हणजे बुंधे उभे आहेत.
एकदा त्यानं मला विहीर दाखवायला नेलं.
त्याची हिंदी, माझी अरबी, दोन्ही लंगड्या.
"बैल ओढायचा तेव्हा पुरायचं," तो म्हणाला.
"मग मी डिझेलचा पंप बसवला. मग मोठा.
शेजाऱ्यानं त्याहून मोठा.
आम्ही इतकं उपसलं, इतकं उपसलं,
की जमिनीखालून समुद्र चालत आला."
दोरीनं डबा सोडून त्यानं पाणी काढलं,
मला चाखायला लावलं.

आमच्याकडं म्हणतात,
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.
खमीसच्या आडात भरपूर होतं.
मीठ.

इथं आमचा रविवार शुक्रवारी येतो.
मल्याळी मंडळी उठली की त्यांच्याच खुर्च्यांवर,
अजून ऊब असलेल्या,
आम्ही बसतो, मराठी मंडळी, एकूण सात,
त्यातला एक गोव्याचा, पेटीसाठी आणलेला.
पाळक नाही. एस्तेर उजागरे वाचते,
दवाखान्यात नर्स, पायांत अजून ड्युटीचे बूट.
त्या दिवशी विहिरीवरच्या बाईची गोष्ट होती,
भर दुपारी एकटी आलेली, पाच नवरे झालेली,
आणि काठावर एक तहानलेला माणूस,
ज्याच्याकडं पोहरासुद्धा नाही.
मला वाटलं, ही येते मला. पाण्याचाच माणूस मी.
पण एस्तेरनं विचारलं,
"घागरीचं काय झालं?"
कुणी बोललं नाही. एसी ठिबकत होता.
"बाई गावाकडं पळाली. घागर तिथंच राहिली.
जे न्यायला आली होती, तेच विसरली."
एवढं बोलून तिनं शास्त्र मिटलं.
तिची दुपारपाळी होती.

आज पहाटे तीनला
मी नमुन्याच्या नळाखाली पेला धरला.
चुना मिसळण्याआधीचं पाणी,
इतकं स्वच्छ की जीभ दचकते, आणि तहान
जिथल्या तिथं.
टेबलावर नवा करार, आणखी दोन वर्षं.
सहीच्या जागी कुणीतरी पेन्सिलनं फुली मारून ठेवली आहे.

प्रभू, घागर खाली ठेवतो असं मी म्हणत नाही.
फरशीवाल्याला अर्धे पैसे दिलेत.
पण अकरा वर्षं माझ्या आत एक पंप चालू आहे
आणि परवा खमीसच्या विहिरीवर
ती चव मला ओळखीची वाटली.
तू ये. काठावर बस.
मला पाणी माग, जसं तिला मागितलंस.
आहे ते देईन, खारट.
मग तू बोल. मी आज आकडे लिहिणार नाही.

सहाला पाळी सुटते.
खमीसच्या बागेत एक झाड अजून हिरवं आहे,
तो म्हणतो, माझा भ्रम असेल, पण आहे.
वीस लिटरचा कॅन भरून ठेवलाय.
सायकलला बांधायला
दोर तेवढा शोधायचा आहे.