काळी चारच्या किंचित खाली

बुधवार, रात्री अकरा ते एक.
डुलुथ गावात, बूट दुरुस्तीच्या दुकानावरची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
आणि डावीकडे कलणारी एक खुर्ची.
दिवसा मी लोकांचे दात साफ करते.
आठवड्यातून दोन तास, हे.

गाणी निवडणं सोपं. कुणालाही जमतं.
अवघड असते ती पंगत:
कुणाच्या पाटाला कुणाचा पाट लावायचा.
अंगोलातली गिटार कुणाशीही बोलेल, तिची चिंता नाही.
बॅन्जो बडबड्या, त्याला दाराजवळ बसवावा.
पण दोन फार सुंदर गाणी शेजारी आली
की छत्तीसच्या आकड्यासारखी पाठ फिरवून बसतात;
मध्ये काहीतरी साधं लागतं,
ताकासारखं.

वेइनो सालमेला याला पंगत म्हणत नसे.
तो म्हणे, लाकडं रचणं.
जाड ओंडक्यावर जाड ठेवू नकोस पोरी,
हवेला वाट ठेव, नाहीतर पेटायचं नाही.
बावीस वर्षं माझ्या आधीच्या तासाला तो पोल्का लावायचा
आणि जाताना खुर्ची ऊबदार ठेवून जायचा.
शेवटचा सूर ऐक, म्हणायचा,
पुढचं गाणं त्यातच असतं.
नसेल, तर खोकून घे
आणि हवामान सांग.

मी पुष्कळदा हवामान सांगितलंय.

ऐकतं कोण?
बेकरीतली ऑड्री, कोपरापर्यंत पिठात.
आणि एक बर्फ सारणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर,
त्यानं एकदाच फोन केला होता, नावही न सांगता:
ते गाणं संपायच्या आत का तोडलंस?
तेव्हापासून मी तोडत नाही.

ह्या बुधवारी खुर्ची गार होती.
दारावर चिकटवलेला कागद मी दोनदा वाचला,
सालमेलाच्या स्पेलिंगमध्ये एक एल कमी होता,
तो पेनानं घातला.
मग माझी यादी घडी करून खिशात ठेवली
आणि पहिला तास त्याला दिला:
त्याच्याच फडताळातल्या तबकड्या, त्याच्याच क्रमानं,
ओरखड्यांसकट.

बाराला शेवटची पोल्का. शेवटी एकटी क्लॅरिनेट उरते,
तिचा सूर काळी चारच्या किंचित खाली,
आणि मला तो ओळखीचा वाटला.
पर्समध्ये तळाशी कॅसेट होती,
भावाच्या लग्नातली, इचलकरंजीची.
बॅन्डमधला बापू कुरणे, क्लॅरिनेट,
दोन पेग पोटात गेले की नेमका इतकाच उतरायचा.
कुणी त्याला कधी सुरात आणलं नाही.
बरं झालं.

मी मध्ये बोलले नाही.
खोकलेही नाही.
एक सूर गेला आणि तोच आला,
मागे फटाके, ढोल,
कुणीतरी ओरडतंय, अरे पाणी आणा पाणी,
आणि सुपीरियर सरोवरावर उणे एकवीस.

कॅसेट खट्ट करून थांबली. माईक चालूच होता.
खिडकी ह्या खोलीची, बंद असून नसल्यासारखी.
बंदरातून लोखंडाच्या मातीचं जहाज निघालं होतं,
मोसमातलं शेवटचं:
एक लांब भोंगा, दोन आखूड.
पुलानं तसंच उत्तर दिलं.
बटणावर बोट होतं माझं.
दाबलं नाही.

वहीत प्रत्येक गाण्यापुढे कलाकाराचा रकाना असतो.
तिथे एक रेघ ओढली.

फोनचा दिवा लागला. ट्रकवाला.
ती लग्नातली क्लॅरिनेट कुणाची?
मी नाव सांगितलं. त्यानं अक्षर-अक्षर विचारलं,
मागे वायपर घासत होते,
मग थांबले.
कुरणे, तो म्हणाला, बरोबर?
जवळजवळ, मी म्हटलं.

अजून सेहेचाळीस मिनिटं होती.
मी उठले, कपाटाशी,
ताक शोधायला.