चार ओळींची बातमी

पेपरच्या कचेरीतला मुलगा म्हणाला, चार ओळी फुकट,
पुढे ओळीला पैसे.

लिहिलं:
किणये येथील रहिवासी सुंद्राबाई नागोजी बिर्जे (वय ९४)
यांचे बुधवारी पहाटे वृद्धापकाळाने निधन झाले.
पश्चात दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे.
रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी नऊ वाजता.

चार ओळी झाल्या. म्हातारी मावली नाही.

चौऱ्याण्णव हा आकडा कार्डावरचा.
ती सांगायची, मार्कंडेयनं लावणीचं भात उचलून नेलं,
त्या साली. मग तुम्ही काय ते मोजा.

पहाटे चारला डोईवर पाटी:
रताळी, नवलकोल, मेथीवर ओलं फडकं.
पिरनवाडी, तिसरं रेल्वे गेट,
मग कॅम्पातले बंगले.
तिथं मेजरच्या बायकोशी पंजाबीत घासाघीस,
सुभेदाराच्या बायकोशी तमिळमध्ये,
हिशोब कन्नडमध्ये, ओंदु, एरडु, मूरु,
आणि खोट बसली की घरी येऊन मराठीत शिव्या.
लिपी मात्र एकही येत नव्हती.
पाट्यांवरून बसवर दगड पडले त्या वर्षी
तिनं सगळ्यांसमोर विचारलं होतं,
"पाटी वाचून कोण बस धरतंय व्हय?
मी डायवरचं तोंड बघून चढतो."

मी पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात
हसून दुरुस्त केलं होतं: चढते म्हणायचं, आजी.
तिची मेथी निवडायची थांबली.
"पन्नास वर्षं वझं घेऊन चाललो गं.
चालताना बाई काय नि बाप्या काय,
मान तेवढीच दुखतीया."
आणि माझ्या पुढ्यातली जुडी काढून घेतली.
मी कोवळे देठ टाकत होते.

कुस्ती कुठल्या ओळीत घालू?
भाऊ तालमीतला. त्याची बदामं वाटता वाटता
हिला डाव पाठ झाले.
येळ्ळूरच्या मैदानात बायका बसत नसत,
म्हणून ही शेंगा विकायला बसायची, आखाड्याच्या कडेला,
आणि "ढाक लाव, ढाक!" म्हणून अशी ओरडायची
की गिऱ्हाईक सुटे पैसे विसरून जायचं.
गेल्या दिवाळीत पतवंडं गादीवर झोंबत होती,
तर कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज:
"मान धर. पाय काय धरतोस,
पाया पडायला आलास व्हय?"

परिवारात बसव्वा बसत नाही.
बागेवाडीची, कोथिंबीरवाली, शेजारच्या पोत्यावरची.
चाळीस वर्षं दोघींत एक तांब्या.
बुधवारी नातवाच्या गाडीवरून आली,
चप्पल काढायची विसरून आत गेली,
कानाशी वाकून कन्नडमध्ये काही म्हणाली.
मी सासूबाईंकडे बघितलं.
"अकरा रुपये द्यायचे राहिलेत म्हणते."
बसव्वानं पदराची गाठ सोडली.
उशीपाशी नाणी ठेवत गेली, मोठ्यानं मोजत,
मराठीत:
एक. दोन. तीन.
सातावर अडली. आम्ही कुणी पुढचं सांगितलं नाही.
तिनं पुन्हा एकपासून धरलं.

आदल्या रात्री औषध पाजून मी दिवा बारीक केला,
दाराशी आले तर मागून हळूच,
"येतो."
निघाले होते मी. म्हणाली ती.
मला वाटलं, झोपेत बोलतेय.
या म्हणायचं असतं अशा वेळी,
ते म्हटलं नाही.

आत्ता कचेरीतून फोन आला.
मॅडम, रहिवासी काढून टाकू का?
तिसरी ओळ खाली उतरतेय.
म्हटलं, उतरू दे. पैसे घे.
आणि नावाआधी आणखी एक घाल:
कॅम्पात रताळी विकणाऱ्या.