काटा

मे महिन्यातला शनिवार.
पहाटे पाचलाच सीट कोमट.
चोपड्याचं ऊन रात्रपाळी करतं.

हर्षाली फोनवर म्हणाली होती,
मावशी, आज जगभर बाया मोटरसायकली काढतात,
आपणही काढू.
मी म्हटलं, मी तर रोजच काढते.
ती हसली, मग थांबली,
मग म्हणाली, तरीपण या.

पंपावर आम्ही पाच जणी.
रझिया तडवी, वसुलीवाली,
तिच्या बुलेटला गावं दुरून ओळखतात आणि दारं लावून घेतात.
वखारीतली सुशीला,
कॅरिअरवर केळीचा चीक, घासून न निघणारा.
निमा बारेला भावाची गाडी घेऊन आलेली.
भाऊ मागे बसायला तयार नव्हता,
म्हणून घरीच राहिला.
हर्षाली झेंडा बांधत होती, सुतळी पुरत नव्हती.
आणि मी, उपकेंद्राची नर्सबाई,
साडीच्या आत पायजमा,
कॅरिअरवर लसीच्या डब्याचे दोरीचे वळ.

मला गाडी शिकवली जिजाबराव कंपाउंडरने,
नदीच्या कोरड्या पात्रात.
क्लच कसा सोडायचा, तर दूध ओततो तसा, बाई.
मी आयुष्यात दूध सावकाश ओतलं नव्हतं.
पाचदा पडले. सहाव्यांदा तो पडला, मागे बसलेला.
गावात बोललं गेलं:
नर्सबाईनं टांग टाकली.
टाकली.
पाडा अकरा किलोमीटर, सगळा दगडांचा,
डब्यात बर्फाची चार पाकिटं,
आणि बर्फ कुणाच्या अब्रूसाठी
थांबत नाही.

अनेरच्या पुलावर गाड्या लावल्या.
पाणी नावापुरतं, कडेला टरबुजाच्या वाळल्या वेली.
हर्षालीने फोन पुढे धरला.
कुठल्याशा देशात रात्र होती, पाऊस होता,
रेनकोट घातलेल्या बाया हात हलवत होत्या.
दुसरीकडे रस्त्याच्या कडेला बर्फ
(मी मनात म्हटलं, काय चैन आहे!)
आणि एक पिकल्या केसांची,
गुडघ्यावर बसून प्लग पुसणारी.
पाना तिनं दातांत धरला होता.

मी फोन मागून घेतला. परत पाहिलं.
पाना दातांत धरायची खोड
मला वाटायचं माझी एकटीची.

मग अर्ज भरायचा होता.
नाव, गाव, गाडी,
आजवर चालवलेले किलोमीटर.
माझा काटा एक्केचाळीस हजार दोनशे सातवर
नाल्यात गाडी आडवी झाली त्या दिवशी थांबला.
नंतरची चौदा वर्षं
गाडीने मोजलीच नाहीत.
मी आठवू लागले:
वरचा पाडा, खालचा पाडा,
रात्री दोनची ती बाळंतीण,
पोलिओचे रविवार...
हर्षाली म्हणाली, अंदाजे टाका ना मावशी.

निमाने बाही वर केली.
दंडावरचा गोल वण दाखवला.
म्हणाली, आमच्या पाड्यावर तुम्हीच यायच्या.
असेल.
नसेलही. तेव्हा त्या भागात आम्ही दोघी होतो,
दुसरी पायी फिरायची,
आणि वण सगळे सारखेच दिसतात.
तरी मी त्यावर अंगठा ठेवला,
सवयीनं, सूज आहे का बघतात तसा.

शेळ्या घेऊन एक म्हातारा चालला होता.
झेंड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं,
मग माझ्या गाडीच्या टाकीवर काठी टेकवून:
कोनी गाडी शे व, माय?
नवऱ्याची, भावाची, सरकारची,
अशा तीन उत्तरांची जागा सोडून
तो वाट पाहत उभा.
मनी शे.
बरं, म्हणाला, आणि शेळ्या हाकल्या.

अर्जात मी लिहिलं: काटा बंद.
हर्षालीला ते पटलं नाही. तिने तसंच पाठवलं.

नऊ वाजता डांबर चिकटायला लागलं.
हातेडच्या पुढे गाडी रिझर्व्हवर आली,
वाकून कॉक फिरवला, वेग कमी न करता.
घरी येऊन आधी पाय धुतले,
मग बर्फाची पाकिटं
फ्रीझरात उभी लावली.
सोमवारी सत्र आहे.